स्त्रीहृदय आणि पूरकांचा बाजार



शहरातील एखाद्या सुसज्ज सभागृहाऐवजी, चिकलठाण्याच्या कारखान्यांवर ज्यांचा संसार चालतो अशा कुटुंबांची ही मुकुंदवाडी संयोजकांनी या वैद्यक परिषदेसाठी निवडली, याचा मला विशेष संतोष वाटतो, कारण आज ज्यांची कैफियत मी मांडणार आहे, त्या मुली अशाच वस्त्यांत राहतात.

1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या वैद्यांनी अवघ्या 7 स्त्रियांच्या निरीक्षणावरून वर्णिलेला, आणि आज घरोघरी पीसीओडी म्हणून ओळखला जाणारा विकार, दीर्घकाळ वंध्यत्वाच्याच दप्तरी जमा राहिला. त्यामुळे पाळी लांबली, हनुवटीवर केस आले, लग्नानंतर दिवस राहिले नाहीत, एवढ्यापुरतीच स्त्री आपल्यापुढे येते आणि तिच्या हृदयाची विचारपूस राहून जाते. वस्तुतः अशा पुष्कळ स्त्रियांचे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवते. त्या आधिक्याने स्त्रीबीजकोशांत पुरुषी संप्रेरके वाढतात, आणि ज्या बिघाडाने पाळी चुकते त्याच बिघाडाने रक्तशर्करा, ट्रायग्लिसराइड व रक्तदाब यांनाही चढण्यास वाट मिळते.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या पाहणीत मुंबईच्या 15 ते 24 वयाच्या मुलींपैकी, रॉटरडॅमच्या निदान-निकषांनी 22.5 टक्के आणि अधिक कडक निकषांनी 10.7 टक्के मुलींत हा विकार आढळला. मुलगी सडपातळ आहे म्हणून निर्धास्त राहावे, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले आहे की, आपली बालके वजनाने हलकी असूनही मेदसंचय घेऊनच जन्मास येतात.

आता या विकारावर घेतल्या जाणाऱ्या पूरकांकडे वळू. इनोसिटॉलने काही स्त्रियांच्या चयापचयात सुधारणा दिसते, परंतु या विकारावरील 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने पुरावा मर्यादित असल्याचे बजावूनच त्यास मुभा दिली आहे. ओमेगा-3 ने ट्रायग्लिसराइड उतरतात हे खरे. तथापि अमेरिकेत 25,871 स्त्रीपुरुषांवर झालेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओमेगा-3 काय किंवा ड जीवनसत्त्व काय, हृद्विकाराचे प्रमुख आघात लक्षणीयरीत्या कमी करू शकले नाही. ड जीवनसत्त्वाची उणीव असेल तर ती अवश्य भरून काढावी, परंतु त्यास हृदयाचे कवच समजू नये. दारुहळदीतील बर्बेरीन गर्भारपणी वर्ज्य असताना, अपत्याची आस लागलेल्या स्त्रीने ते परस्पर घेत राहावे, ही गोष्ट तर चिंताजनक होय. उलटपक्षी, मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात बी-12 खरोखरच घटू शकते. तेथे तपासणीअंती दिलेले पूरक न्याय्य ठरते.

हजार-दीड हजार रुपयांची पूरकाची बाटली हाती घेऊन मागील बारीक अक्षरे वाचावीत, म्हणजे कायद्याने छापावयास लावलेला ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ हा मजकूर आढळेल. दर्शनी भागावरचे आश्वासन आणि पाठीमागचा हा कबुलीजबाब यांचा मेळ घालून दाखविणे, हे पूरके विकणाऱ्या वैद्यकबंधूंचे कर्तव्य आहे.

सबब माझी आपणांस अशी विनंती आहे की, या विकाराचे निदान होताच प्रत्येक स्त्रीची रक्तशर्करा व रक्तातील चरबी तपासावी, शर्करेची तपासणी 1 ते 3 वर्षांनी पुन्हा करावी आणि रक्तदाब दरसाल मोजावा. चालणे, आहार व झोप यांविषयी तिच्याशी सावकाश बोलावे. आणि पूरकाची चिठ्ठी लिहावयाची झाल्यास ती या सर्वांनंतर लिहावी. घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापासून मुकुंदवाडीच्या गल्लीतील दवाखान्यापर्यंत, पाळीची तक्रार घेऊन आलेली एकही स्त्री रक्तदाब मोजल्यावाचून परत जाऊ नये, एवढा नियम आपण आजपासून अमलात आणावा.