पत्रकाच्या तळाची ओळ

संमेलनाला राज्यभरातून आलेल्या पत्रकार मित्रहो,

दादासाहेब पोतनीसांच्या ‘गावकरी’च्या या गावात तुमचे मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षपदी माझी वर्णी का लागली, ते मी जाणतो. मांडवाचा खर्च कुणीतरी उचलायला हवा होता! मी छापखानेवाला माणूस. निवडणूक आली की आमची सुगी.

आमच्या धंद्यात लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-अ पाठ असावे लागते. उमेदवाराचे साधे पत्रक छापायचे, तरी तळाला मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. छापून घेणाऱ्याने सही करून घोषणापत्र द्यायचे, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी घ्यायच्या आणि छपाई झाली की प्रत सरकारदरबारी धाडायची. चुकलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घाईगर्दीत रात्री बारा वाजता प्लेट बनवतानाही आमचा कामगार आधी ती तळाची ओळ तपासतो.

आता तुमच्याकडे येतो. पाहुण्यांनी राग मानू नये. २००९च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाणांच्या कौतुकाचा मजकूर एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दाला शब्द सारखा छापून आला, आणि नावे मात्र वेगवेगळ्या बातमीदारांची. पी. साईनाथांनी ते ‘द हिंदू’तून उघड केले. वृत्तपत्रीय जाहिरातींवरचा खर्च उमेदवाराने दाखवला होता ५,३७९ रुपये. चव्हाणांनी आरोप फेटाळले, आणि निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला. तो निकाल शिरोधार्य. पण चिटोऱ्याएवढ्या पत्रकावर छापून घेणाऱ्याचे नाव सक्तीचे आणि पानभर स्तुतीखाली नुसते ‘प्रतिनिधी’, हे माझ्या हिशेबात बसत नाही.

गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराला ती माहिती वृत्तपत्रांत तीनदा जाहीर करावी लागते. ती जाहिरात बहुधा निविदांच्या शेजारी सापडते. तिची बातमी किती जण करतात?

आमच्याच जिल्ह्याचे बघा. २०२४च्या लोकसभेला दिंडोरीत भास्कर भगरे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर निवडून आले; त्याच आडनावाच्या, नुसती ‘तुतारी’ घेतलेल्या अपक्षाला लाखावर मते पडली. त्यातली किती चुकून पडली, हे कुणी मोजू शकत नाही. पण मतदानाच्या आदल्या दिवशी दोन्ही नावे, दोन्ही चिन्हे शेजारीशेजारी दाखवणारी चौकट पहिल्या पानावर असती, तर सभांच्या दहा वार्तांपेक्षा ती मतदाराच्या अधिक कामी आली असती. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा फैसला अवघ्या १६२ मतांनी झाला. एवढी मते तर एका गल्लीत निघतात.

दुपारच्या सत्रात जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग, दोन्हीकडची मंडळी एकाच टेबलाशी बसणार आहेत, हे मी आयोजकांकडून मुद्दाम मागून घेतले आहे. तिथे भांडण झाले तरी चालेल. चहाची सोय भरपूर केली आहे. आता अध्यक्षमहोदयांना विनंती करतो, त्यांनी संमेलनाची सूत्रे हाती घ्यावीत.