वाळवणाची राखण

(रेडिओवरील भाषण)



माझे आजोबा मे महिन्याला अखेरपर्यंत ‘तीर’ म्हणत असत. त्यांची सारी हयात निजामी अमलातल्या कचेरीत कारकुनी करण्यात गेली होती, आणि आजूरपासून आबानपर्यंतचे, निजामी कालगणनेतले फसली महिने त्यांच्या जिभेवर असे काही रुळले होते, की १९४८ च्या सप्टेंबरात ती राजवट संपली, १९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन वाटे होऊन आमचा मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी त्यांचा उन्हाळा काही फसलीतून बाहेर पडला नाही. “तीर लागला, पोरे आत घ्या,” असा त्यांचा हुकूम ओसरीवरून सुटे. आम्हां मुलांना फसलीचे ज्ञान नव्हते. तीर म्हणजे उन्हाचा बाण अशीच आमची समजूत होती, आणि बारानंतर आमच्या उमरग्यात फरशीवर अनवाणी पाऊल टाकणाऱ्या कोणालाही ती समजूत चुकीची वाटली नसती.

आज मला जो विषय दिला आहे तो या ‘पोरे आत घ्या’च्या पुढचा आहे. तीन ते सहा वर्षांची, अद्याप शाळेच्या हजेरीपटावर न चढलेली मुले ज्या घरात आहेत, त्या घराने ती आत घेतल्यावर उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत त्यांचे करायचे काय? मला प्रथमच एक शंका बोलून दाखवू द्या. सुट्टी ही नोकरीची किंवा शाळेची असते. ज्याला नोकरी नाही त्याला रजा कसली? चार वर्षांच्या मुलाला रविवार आणि सोमवार सारखेच असतात. सुट्टी पडते ती मोठ्यांना. आणि मुलाचा दिवस कसा भरावा ही चिंताही मोठ्यांचीच, मुलाची खासच नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात माझा नातू हैदराबादेहून आला तो एक फाइल घेऊन. वय वर्षे चार. त्याच्या बालवर्गाने सुट्टीत करावयाचे उपक्रम छापून दिले होते : एका पानावर मेंढीची आकृती, तिच्यावर कापूस चिकटवायचा, दुसऱ्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, तिसऱ्यावर चमकीचा मासा. माझी सून मोठी कर्तव्यदक्ष. भर उन्हात सारी बाजारपेठ पालथी घालून तिने चमकी आणली, डिंक आणला, काड्या मिळेनात म्हणून आइस्क्रीमवाल्याकडून रिकाम्या काड्या मागून आणल्या. दुपारी पंख्याखाली बसून तिने घर चिकटवले. नातू त्या वेळी न्हाणीघरापाशी दोन वाट्या घेऊन एकीतले पाणी दुसरीत आणि दुसरीतले पहिलीत करीत बसला होता. त्याला दोनदा हाका मारल्या गेल्या. त्याने ‘ओ’ सुद्धा दिली नाही. एवढी एकाग्रता मी अठ्ठावीस वर्षांच्या मास्तरकीत चौथीच्या वर्गातही क्वचितच पाहिली होती.

त्याच आठवड्यात आमच्या घरी कुरडयांचा घाट होता. ज्यांनी तो केला आहे त्यांना सांगणे नको, पण शहरात वाढलेल्या तरुण आयांसाठी सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते वाटून चाळून त्यांचे सत्त्व रात्रभर निवळत ठेवायचे. पहाटे वरची निवळ ओतून टाकली की तळाशी जो पांढराशुभ्र गोळा उरतो तो चीक. तो उकळत्या पाण्यात हिंग-मीठ घालून हाटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून उन्हात पसरलेल्या धुवट लुगड्यावर गोल गोल पाडायचा. या सर्व व्यापात लहान मुलाला काम नाही असे आपण धरून चालतो, आणि त्याला “लांब बैस, भाजेल” असे सांगून मोबाइल हाती देतो. चुलीपाशी तो नकोच, हे खरे. परंतु तीन दिवस भिजणाऱ्या गव्हात रोज सकाळी हात घालून ते किती फुगले हे पाहण्याचा, दोन बोटांत एक दाणा चिरडून आतले दूध बाहेर येते का हे तपासण्याचा अधिकार त्याला द्यायला काय हरकत आहे? पहिल्या दिवशी दाणा दाद देत नाही. दुसऱ्या दिवशी थोडा दबतो. तिसऱ्या दिवशी दूध सुटते. नातवाने तिन्ही दिवस ही तपासणी एखाद्या गिरदावराच्या ऐटीत केली, आणि तिसऱ्या दिवशी “आजी, आलं!” म्हणून जी आरोळी दिली ती शेजारच्या तीन घरांत ऐकू गेली. पहाटे वाटीभर गरम चीक, वर तूप-साखर, हा त्याचा मेहनताना. सकाळभर हातात काठी घेऊन कावळ्यांपासून वाळवणाची राखण करणे ही त्याची नेमणूक. ऊन चढू लागले की राखणदार घरात आणि वर जुनी ओढणी पसरलेली, असा आमचा शिरस्ता होता.

दुपारच्या कामाला मात्र नखुल्यांना तोड नाही. रव्याच्या घट्ट भिजवलेल्या पिठाची तिळाएवढी गोळी चिमटीत धरायची आणि नखाने दाबून सोडायची. बोटवे बोटांवर वळायचे, सरगुंडे काडीवर गुंडाळायचे, गव्हले गव्हाच्या आकाराचे करायचे. पूर्वी लग्नघरात आळीतल्या बायका परातीभोवती बसून हे करीत, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून लहान पोरी. त्या मुलींच्या बोटांना जी चिमट सापडे, अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची, तीच पुढे लेखणी धरायला लागते. चार वर्षांच्या मुलाकडून पाटीवर ‘अ’ गिरवून घेण्याची घाई करणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, की आधी त्याच्या हाती पिठाचा गोळा द्यावा. त्याचे नखुले वाटाण्याएवढे होतील. होऊ द्यावेत. त्याचीच खीर त्याला वेगळ्या वाटीत द्यावी. ती तो कधीही टाकत नाही, असा माझा अनुभव आहे.

हा काही माझ्या डोक्यातून निघालेला शोध नव्हे. १९२६ साली भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तेव्हा माँटेसोरीबाईंची पद्धती त्यांना मनापासून पटलेली होती; पण तिची ती रंगीत, महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला झेपणारी नव्हती. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि या दोघींनी शिंपले, बिया, पाने, काड्या, माती यांनाच साधनांचा मान दिला. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. तीच अंगणवाडी. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथे तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गुरांच्या मागोमाग जाणारी कुरणशाळा निघाली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा सरकारने त्यांचा शब्द तेवढा उचलला; त्यातले अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी मागेच राहिले.

अंगणावरून आठवले. आमच्याकडचे जुने घर माळवदाचे असे : दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळ्यांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा थर, जो दरसाल पावसाळ्यापूर्वी वाढतच जाई. बाहेर आग ओकत असताना आत माजघरात गारवा असे. दुपार मुलांना झोपवूनही काढता येई आणि जागवूनही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंतचतुर्दशीची रात्र सरता सरता, जो भूकंप झाला त्यात याच माळवदांनी किल्लारीपासून, तेव्हा उमरगा तालुक्यातच असलेल्या सास्तूरपर्यंत, हजारो माणसे झोपेत गाडली. त्यानंतर आम्ही कित्येक महिने अंगणात झोपलो, आणि माळवदाचे प्रेम लोकांच्या मनातून गेले ते गेलेच. आता बहुतेक वस्तीवर पत्रे आहेत. पत्रा जीव घेत नाही, पण दुपारी त्याखाली लहान मूल कोमेजून जाते. तेव्हा “दुपारी घरातच ठेवा” हा आजोबांचा हुकूम पत्र्याच्या घराला लागू करू नये. त्यापेक्षा लिंबाची दाट सावली, देवळाचा दगडी मंडप, शेजारचे एखादे गार घर शोधावे. आमच्या गावच्या जुन्या हेमाडपंती महादेवाच्या देवळात दुपारी जो गारवा असतो तो कोणत्याही कूलरला देता येणार नाही, आणि दगडातली नक्षी बोटाने गिरवीत बसणाऱ्या मुलाला तिकीटही पडत नाही.

पाण्याचा खेळ मुलाला सर्वांत प्रिय, आणि आमच्याकडे पाण्याचीच सर्वांत मोठी वाण. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्यांनी त्या वर्षी घागरींच्या रांगा पाहिल्या त्यांना पिचकाऱ्या आणि प्लास्टिकचे हौद सांगण्याचे धैर्य मला होणार नाही. पण मुलाला हौद लागतच नाही. एक तांब्या पाणी, दोन वाट्या, एक गाळणे, एक पळी, एवढ्यावर त्याचा अर्धा तास सहज जातो, आणि शेवटी ते पाणी तुळशीला घालण्याचे कामही तोच करतो.

भीतीच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. बियांसारखी साधने मी वाखाणली खरी, पण ज्या मुलाचे हात अजून तोंडाकडे जातात त्याच्यापुढे चिंचोके, ज्वारीचे दाणे, मणी मोठे माणूस शेजारी बसल्यावाचून ठेवू नयेत. आज हैदराबादेत नोकरीवर असलेल्या माझ्या चिरंजिवांनी तिसऱ्या वर्षी चिंचोका नाकात घातला होता. मी पदराच्या टोकाने आणि केसांच्या पिनेने तो काढायला गेले, आणि तो आणखी आत सरकला. बी ओलाव्याने फुगते, हे शिक्षिका असून मला त्या घटकेला सुचले नाही. डॉक्टरांनी तो काढला आणि माझी कानउघाडणी केली. दुसरी भीती याहून मोठी. आता शिवारात जागोजाग शेततळी झाली आहेत. त्यांचा प्लास्टिकचा उतार असा निसरडा असतो की आत घसरलेला मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. सुट्टीत शेतावर गेलेल्या मुलाला तळ्याकाठी एकटे सोडू नका. कुंपण नसेल तर तिकडे नेऊच नका. आणि तहान लागली म्हणून मूल पाणी मागेल याची वाट पाहू नये : खेळात रमलेल्या मुलाला तहान कळत नाही, आणि त्याचे अंग मोठ्या माणसाच्या अंगापेक्षा लवकर तापते. ताक, पन्हे, आणि आमच्याकडची ज्वारीची आंबील तासातासाला थोडी थोडी पाजावी.

मोबाइलविषयी फार बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून एकंदर किमान तीन तास हालचालीत घालवावेत आणि पडद्यासमोर एक तासाहून अधिक बसू नये, कमी तेवढे उत्तम. वाळवणाची राखण करणाऱ्याचे तीन तास सकाळीच भरतात.

आमच्या कर्नाटक सरहद्दीवरच्या मुलांना आणखी एक उन्हाळी लाभ आहे, तो पुण्या-मुंबईच्या मुलांना नाही. १९५६ साली राज्ये विभागली, सोयरिकी विभागल्या नाहीत. आमच्या कितीतरी मुलांचे मामाचे गाव आळंद, बसवकल्याणकडे आहे. तिथून पंधरा दिवसांनी परतलेले पोर दारातूनच मांजराला “बा इल्ली” म्हणून कानडीत बोलावते, आणि शेजारच्या खालाजानशी दखनीत भांडते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते. आपण फक्त त्याला हसू नये, आणि “आधी मराठी नीट बोल” म्हणून दटावू नये. ज्यांचे आईबाप दसऱ्याला कोयता घेऊन ऊसतोडीसाठी कारखान्याच्या थळावर गेले आणि गाळप संपल्यावर परतले, त्या मुलांना तर हा उन्हाळा म्हणजेच घर. त्यांना अंगणवाडीच्या ताईंनी सकाळी दोन घटका लिंबाखाली जरी बसवले तरी पुष्कळ झाले.

आता त्या फाइलीचे काय झाले ते सांगून थांबते. मेंढीचे पान शेवटपर्यंत कोरे राहिले होते. दरम्यान आमच्या रानात खतासाठी धनगरांची मेंढरे बसवली होती, आणि नातू दोन संध्याकाळी त्यांच्यात हिंडून आला होता. सून वातीचा कापूस घेऊन बसली तेव्हा त्याने साफ नकार दिला. मेंढी पांढरी नसते, काळी असते, आणि तिची लोकर अशी मऊ नसते, असे त्याचे म्हणणे पडले. आमच्याकडची दख्खनी मेंढी पाहिलेल्या माणसाला ते खोडता येणार नाही. त्याने डब्यातली एक कुरडई काढली, तिचे तुकडे केले, ते डिंकाने आकृतीवर बसवले, आणि तव्याच्या बुडाची काजळी बोटाने त्यांना फासली. जूनमध्ये फाइल शाळेत गेली आणि परत आली. काड्यांच्या घराखाली ‘उत्तम’ असे लिहिले आहे. मेंढीच्या पानावर शाळेचा शिक्का आहे, शेरा नाही.