अरण्य, किनारा आणि पाण्याचा हिशेब

(कोकणातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या पर्यटनविषयक अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गात मी पर्यटनाच्या धोरणावर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. परंतु धोरणाची भाषा आपण रोजच ऐकतो. म्हणून मी आज आपल्यापुढे एका कुटुंबाच्या दहा दिवसांच्या सुट्टीचा आराखडा ठेवणार आहे. माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरी करतो. आईवडिलांना घेऊन त्याला प्रवासाला जायचे होते. वडिलांना घनदाट अरण्य पाहायचे होते, आईला समुद्रकाठी निवांत राहायचे होते आणि आयुष्यभर काटकसर केलेल्या या दोघांना या वेळी खर्चाची चिंता करू द्यायची नाही, असा मुलाचा निश्चय होता. त्याने मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा देश निवडला. मी तो देश पाहिलेला असल्याने आराखडा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले.

काम वरकरणी चैनीचे होते. पण एकेक दिवस कागदावर मांडताना माझ्या मनात एकच प्रश्न येत गेला : हा प्रवासी येथे ज्या गोष्टीसाठी पैसे मोजणार आहे, ती गोष्ट राखली कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता सहलीचा आराखडा मला ग्रामपंचायतीच्या ताळेबंदासारखा वाटू लागला. म्हणूनच तो येथे आणला आहे.

आधी ऋतू, मग ठिकाण

कोस्टा रिकाचे क्षेत्रफळ सुमारे ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकषष्ठांश. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. एका बाजूस कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूस प्रशांत महासागर आणि मध्ये ज्वालामुखींची डोंगररांग. या देशाने १९४८ साली आपले सैन्य विसर्जित केले, ही गोष्ट जगभर सांगितली जाते.

सुट्टीचा आराखडा करताना पहिला निर्णय तारखेचा. प्रशांत महासागराच्या बाजूस मे ते नोव्हेंबर हा पावसाळा आणि डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस सर्वाधिक. नाताळ आणि ईस्टरचा आठवडा या काळात गर्दी व दर दोन्ही शिगेला पोहोचतात. मी त्यांना डिसेंबरचा पहिला पंधरवडा सुचविला. पाऊस ओसरलेला असतो, रान हिरवे असते आणि नाताळची झुंबड अजून सुरू झालेली नसते. दुसरा नियम असा की, विषुववृत्त जवळ असल्याने तेथे वर्षभर सायंकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. घाटातील रस्ते वळणांचे व कित्येक ठिकाणी कच्चे आहेत. म्हणून मोटारीचा प्रत्येक प्रवास दुपारी चारपूर्वी संपला पाहिजे. तिसरा नियम, दहा दिवसांत तीनपेक्षा अधिक मुक्काम नकोत. रोज सामान बांधणे आणि सोडणे यात वृद्ध माणसांची सुट्टी संपून जाते.

ज्वालामुखीच्या पायथ्याशी

पहिला मुक्काम आरेनाल ज्वालामुखीजवळ, ला फोर्तुना या गावी, तीन रात्रींचा. १९६८ च्या जुलै महिन्यात हा ज्वालामुखी अकस्मात भडकला. त्यात गावे गाडली गेली, कित्येक माणसे दगावली. पुढे २०१० पर्यंत तो धुमसत होता. आज त्याच्या उष्णतेने तापलेल्या झऱ्यांवर उत्तमोत्तम विश्रामगृहे उभी आहेत. सकाळी पर्जन्यवनात झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या झुलत्या पुलांवर फिरावे, दुपारी विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात बसावे, असा क्रम मी लिहून दिला. तारेवरून घसरत जाण्याचा साहसी खेळ मुलासाठी ठेवला. आईवडिलांना झुलते पूलच योग्य. न्याहारीला भात आणि काळा घेवडा यांचा तेथला रोजचा पदार्थ मिळतो. फोडणीत प्राणिज चरबी आहे काय, एवढे मात्र विचारून घ्यावे.

येथे आपला प्रश्न विचारू. हे रान राखले कोणी? १९४० च्या दशकात या देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित होता. गुरांच्या कुरणांसाठी आणि शेतीसाठी झाडे इतक्या वेगाने तोडली गेली की, १९८० च्या दशकात वन जेमतेम एकचतुर्थांश उरले. आज ते पुन्हा निम्म्याहून अधिक भूमीवर आहे. १९९६ च्या वनकायद्याने नैसर्गिक वन तोडून जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. परंतु नुसत्या मनाईने शेतकऱ्याचे पोट भरत नाही, हेही त्या कायद्याने ओळखले. वन राखणाऱ्या जमीनमालकाला पाणी, जैविक विविधता, कर्बवायूचे शोषण आणि निसर्गसौंदर्य या चार सेवांबद्दल मोबदला देण्याची योजना १९९७ पासून सुरू झाली. त्यासाठी मुख्यतः इंधनावरील कराच्या उत्पन्नातून पैसा उभारला गेला. झाड तोडण्याचा लाभ आणि झाड राखण्याचा लाभ यांतील अंतर सरकारने कमी केले, तेव्हा कुऱ्हाड थांबली.

ढगांचे अरण्य

दुसरा मुक्काम मोंतेवेर्दे येथे, दोन रात्रींचा. आरेनालचे सरोवर नावेने ओलांडून आणि पुढे मोटारीने घाट चढून सुमारे तीन तासांत तेथे पोहोचता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवरील हे ढगांचे अरण्य आहे. कॅरिबियनवरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगराला अडतात, ढग झाडांतूनच वाहतात आणि पाऊस नसतानाही पानांवरून पाणी ठिबकत राहते. प्रत्येक फांदीवर शेवाळ, नेचे आणि ऑर्किड यांची दाटी. पहाटे प्रशिक्षित वाटाड्या बरोबर घेतल्यास केत्झाल हा लांब शेपटीचा पाचूसारखा पक्षी दिसण्याची आशा धरता येते. वाटाड्याचे पैसे वाचवू नयेत. अरण्यात अननुभवी माणसाला हिरव्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही.

या अरण्याची कथा आपल्या विषयाचा गाभा आहे. १९५१ साली क्वेकर पंथाची काही अमेरिकन कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. सक्तीच्या सैन्यभरतीला त्यांचा विरोध होता आणि सैन्य नसलेला देश त्यांना हवा होता. त्यांनी दुधाचा व चीजचा धंदा सुरू केला, कुरणांसाठी झाडेही तोडली. परंतु डोंगरमाथ्यावरचे रान मात्र त्यांनी आपसात ठरवून शिल्लक ठेवले, कारण गावाच्या ओढ्याचा उगम तेथे होता. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर एकही प्रवासी नव्हता, पाणी होते. १९७२ मध्ये तेथे राखीव अरण्य स्थापन झाले आणि पुढे जगातून माणसे ते पाहावयास येऊ लागली.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. १९८७ साली स्वीडनमधील एका लहान शाळेतील मुलांनी दूरदेशीचे हे रान वाचावे म्हणून पैसे गोळा करून जमीन विकत घेण्यास मदत केली. इतर देशांतील मुलेही त्यात सामील झाली. त्यातून उभे राहिलेले ‘मुलांचे चिरंतन पर्जन्यवन’ हे आज कोस्टा रिकातील सर्वांत मोठे खाजगी राखीव वन आहे.

मात्र येथे एक उणी बाजूही नोंदविली पाहिजे. जगात केवळ याच डोंगरावर आढळणारा सोनेरी बेडूक १९८९ नंतर कोणाला दिसलेला नाही. राखीव अरण्याची सीमा आखली म्हणजे सारे सुरक्षित झाले, असे नव्हे.

किनारा कोणाचा?

तिसरा मुक्काम ग्वानाकास्ते प्रांताच्या किनाऱ्यावर, चार रात्रींचा. डोंगर उतरताना तीन-चार तासांत देखावा पार पालटतो. ओले रान मागे पडते आणि पानगळीची झाडे व पिवळी कुरणे लागतात. किनाऱ्यावर पंचतारांकित विश्रामधामे आहेत, खाजगी गच्च्या आहेत, गोल्फची मैदाने आहेत. आईंसाठी मी समुद्राकडे तोंड असलेली, पायऱ्या नसलेली खोली मागून घ्यावी, असे लिहिले. भरतीच्या वेळा रोज सकाळी विचाराव्यात, ओहोटीच्या ओढीत पोहू नये आणि खाडीच्या मुखाशी मगरी असतात हे विसरू नये, अशा सूचनाही जोडल्या.

त्या हॉटेलची खोली कितीही महाग असो, तिच्यासमोरची वाळू हॉटेलची नाही. १९७७ च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार भरतीरेषेपासून २०० मीटरांचा पट्टा राष्ट्राच्या मालकीचा मानला गेला. त्यातील पहिले ५० मीटर सर्वांसाठी खुले. कोळी, शाळकरी मूल आणि धनाढ्य पाहुणा यांचा त्यावर सारखा हक्क. उरलेल्या १५० मीटरांत मंजूर विकास आराखड्यानुसार ठराविक मुदतीचा परवाना मिळतो आणि तो देण्याचा अधिकार सामान्यतः स्थानिक नगरपालिकेकडे असतो. कायदा असूनही अतिक्रमणे झाली, खटले चालले. पण खटला चालविण्यासाठी जनतेच्या हाती आधार होता, ही गोष्ट लहान नाही. १९९६ पासून स्वच्छ पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि लोकशिक्षण यांची कसोटी लावून किनाऱ्यांना निळा ध्वज देण्यात येतो. तो दरवर्षी पुन्हा मिळवावा लागतो.

पाणी कोणाचे?

आता या आराखड्यातील सर्वांत अवघड भाग. ग्वानाकास्तेचा किनारा पाहुण्यांना का आवडतो? तेथे ऊन हमखास असते म्हणून. ऊन हमखास का असते? डोंगराने ढग पलीकडेच अडविलेले असतात म्हणून. ज्या कारणाने मोंतेवेर्दे ओले, त्याच कारणाने हा किनारा कोरडा. पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी डिसेंबर ते एप्रिल, आणि विहिरी खोल जाण्याचे महिनेही तेच. पोहण्याचा तलाव, हिरवळ, रोज धुतली जाणारी चादर या सर्वांना पाणी लागते. ते कोठून आणावयाचे?

२००८ साली सार्दिनाल या गावी हा प्रश्न पेटला. गावाखालचे भूजल नळाने किनाऱ्यावरील वाढत्या वसाहतींकडे नेण्याचे काम सुरू झाले होते. भूजलाचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, आम्हाला विचारलेले नाही, असे सांगत ग्रामस्थ रस्त्यावर आले. प्रकरण न्यायालयात गेले. पर्यटनाला त्या लोकांचा विरोध नव्हता. आमच्या जमिनीखाली पाणी किती आणि त्यातले आमच्यासाठी उरणार किती, एवढाच त्यांचा सवाल होता. तो सवाल नळ टाकण्यापूर्वी विचारला गेला असता, तर कदाचित रस्त्यावर येण्याची पाळी आली नसती. त्या देशात खेड्यांचा पाणीपुरवठा बहुतांशी ग्रामस्थांच्या समित्या चालवितात. म्हणूनच हा आवाज उठू शकला.

स्नेह्यांच्या मुलाला मी हे सारे सांगितले. त्याने आराखड्यात एक बदल केला. गोल्फच्या मैदानाचे हॉटेल सोडून सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरणारे, लहानसे पण तितकेच सुखसोयींचे विश्रामधाम त्याने निवडले. पर्यटन मंडळ १९९७ पासून हॉटेलांना अशा कसोट्यांवर प्रमाणपत्र देते. त्यामुळे निवड करणे त्याला कठीण गेले नाही.

आपल्या अंगणात

मित्रहो, सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. आंबोलीचे ढगांत बुडालेले रान आणि मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा यांत काही तासांचेच अंतर आहे. सकाळी अरण्य आणि सायंकाळी समुद्र, ही सुट्टी आपल्याकडेही आखता येते. आपल्याकडे पाऊस विपुल पडतो. पण मे महिन्यात, मुंबईचे चाकरमानी आणि पाहुणे एकाच वेळी गावात असताना, आपल्या विहिरींचे तळ दिसू लागतात, हे या सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. ग्वानाकास्तेचा पेच आपल्या ओळखीचा आहे.

वाटही अगदी अनोळखी नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पुढे कासवांची पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पाहुणे येऊ लागले आणि गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. आधी राखण, मग पाहुणा, हाच मोंतेवेर्देचा क्रम.

तेव्हा आपल्यापुढे उद्या एखाद्या विश्रामधामाचा प्रस्ताव आला, तर खोल्या किती, हा प्रश्न शेवटी विचारा. मे महिन्यात विहिरीला पाणी किती, सांडपाणी जाणार कोठे, डोंगरमाथ्यावरचे रान कोणाच्या नावावर आहे आणि ते राखण्याबद्दल त्याला काय मिळते, किनाऱ्यावर जाणारी पायवाट खुली राहील काय, हे प्रश्न आधी विचारा आणि उत्तरे ठरावात लिहून घ्या. शिक्षकांनी मुलांकडून गावातील विहिरींची पातळी दरमहा मोजून घ्यावी. पाच वर्षांची अशी वही ग्रामसभेत कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलेल.

ते कुटुंब सुखरूप परतले. केत्झाल दिसला नाही, असे वडिलांनी कळविले. ढगांत दोन तास उभे राहिलो, त्याचे मात्र समाधान वाटले, असेही लिहिले. त्या दोन तासांची किंमत हॉटेलच्या बिलात कोठेही नव्हती. ती सत्तर वर्षांपूर्वी, ओढ्याच्या उगमावर कुऱ्हाड न चालविण्याचे ठरविणाऱ्या एका लहान गावाने चुकविली होती.