गुंगीचे औषध आणि श्वासावरील नजर



विवाह, शिष्यवृत्ती व वसतिगृह हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. आज आम्ही थोड्या निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

दुर्बिणीने जठर तपासताना वा निखळलेला सांधा बसविताना रोग्यास गुंगीचे औषध देतात. भामरागड, सिरोंचाकडे भूलतज्ज्ञ हाताशी असेलच असे नाही. तेथे साध्या डॉक्टरावरच भिस्त ठेवावी लागते. त्यांस दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. बाळंतिणींचे प्राण वाचावेत म्हणून एम. बी. बी. एस. डॉक्टरांस भूल देण्याचे १८ आठवड्यांचे शिक्षण देण्याची योजना खुद्द भारत सरकारनेच आखली होती.

धोका आहे तो एकाच डॉक्टराने हातातले कामही करावे आणि श्वासही पाहावा, यात. गुंगी केव्हा गाढ भूल होईल याचा नेम नसतो. ज्या मात्रेने एक रोगी नुसता पेंगतो, तिनेच दुसऱ्याची जीभ मागे पडून श्वास कोंडतो. बोटाला लावलेले यंत्र रक्तातील प्राणवायू दाखविते खरे. पण नाकाला प्राणवायू लावलेला असेल, तर श्वास मंदावल्याची वर्दी ते फार उशिरा देते. मिडाझोलामला उतारा आहे, प्रोपोफॉलला नाही.

राजुऱ्यापासून पुढे एके काळी ज्याचे राज्य होते, त्या निजामाच्या हैदराबादेत १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मची चौकशी करणाऱ्या दोन समित्या बसल्या. क्लोरोफॉर्मने हृदय थेट थांबत नाही, हे त्यांचे मत पुढे चुकीचे ठरले. श्वासावर अखंड नजर ठेवा, हा आग्रह मात्र आजही टिकून आहे.

आपल्या जिल्ह्यांत तर सिकलसेलचे रोगी पुष्कळ. प्राणवायू कमी पडला की त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व रक्तवाहिन्या तुंबतात. इतरत्र निभावून जाणारी चूक येथे जिवावर बेतू शकते. सोयरीक मोडेल या भीतीने हा विकार दडविणारी घरे आपल्यांत आहेत. वधूवरमेळाव्यात काय सांगावे याचा वाद पुढे घालू. डॉक्टरापासून तरी तो लपवू नये.

गुंगी देण्यापूर्वी नम्रपणे विचारावे, की श्वासावर नजर ठेवण्यास दुसरे कोण आहे? तरबेज परिचारिका असली तरी चालेल, पण तेवढ्या वेळात तिला दुसरे काम नसावे. प्राणवायू व श्वास देण्याची पिशवी जवळ आहे ना, हेही पाहावे. हलके अन्न ६ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद असावे. दुधाचा चहा अन्नातच जमा. आग्रहाने तो पाजणाऱ्या आजीबाई प्रत्येक घरी असतात! तातडीचा प्रसंग असेल, तर पोटात काय गेले आहे ते डॉक्टरास खरे सांगावे.