शाळेंतील शांत कोपरा

शाळेची घंटा झाली कीं बहुतेक मुलें वर्गाकडे धांव घेतात; एखादें मूल मात्र कानांवर हात ठेवून जागच्या जागीं उभें राहतें. पावसाळ्यांत पत्र्याच्या छपरावर सरी कोसळूं लागल्या, शेजारच्या वर्गांत पाढे सुरू झाले, डोक्यावरचा पंखा खडखडूं लागला, म्हणजे बाईंचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोंचतच नाहीं. मग तें रडतें, बाकाखालीं शिरतें किंवा वर्गाबाहेर पळतें. 'हट्टी', 'लाडावलेलें' असे शिक्के त्याच्यावर बसतात आणि हळूहळू त्याची शाळाच सुटते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांजवळील वसाहतींत काय, पालघरच्या पेठेंत काय किंवा मुंबईंत काय, अशा मुलाचें दुःख एकाच जातीचें असतें.

वस्तुतः ह्यांत हट्टाचा भाग थोडा आणि शरीरधर्माचा फार असतो. स्वमग्नता, अवधानाची अस्थिरता इत्यादि कारणांनीं ज्यांच्या मेंदूची घडण निराळी असते, अशा पुष्कळ मुलांना इंद्रियांचे अनुभव इतरांहून वेगळ्या तीव्रतेनें येतात. एकाला सदऱ्याची शिवणहि टोंचते. दुसऱ्याला आपलें शरीर जाणवावें म्हणून सारखें झुलावेंसें किंवा उड्या माराव्याशा वाटतात. अमेरिकेंतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन आयर्स ह्यांनीं ह्या विषयावरील आपला प्रमुख ग्रंथ १९७२ सालीं प्रसिद्ध केला. त्याच दशकांत हॉलंडमधील एका संस्थेंत मंद प्रकाश, मऊ बैठक व सौम्य ध्वनि ह्यांनीं सजविलेल्या खोल्या निर्माण झाल्या. आज कित्येक शाळांतून दिसणारा संवेदन-कक्ष हा ह्याच विचारांतून वाढलेला आहे. त्यांत झोका असतो, जड उशी असते, बुडबुड्यांनीं भरलेली उजळ नळी असते.

हें वर्णन ऐकून कोणी म्हणेल, 'हे सारे धनिकांच्या शाळांचे चोचले!' परंतु इतिहास निराळें सांगतो. इ. स. १८०० मध्यें फ्रान्सच्या रानांत सांपडलेला एक मुका मुलगा पॅरिसला आणला गेला. तो स्वमग्न असावा, असें आजच्या कांहीं अभ्यासकांचें मत आहे. डॉक्टर इतार ह्यांनीं स्पर्श, उष्णता आणि नाद ह्यांच्या द्वारें त्याला शिकविण्याचा यत्न केला. त्यांचे शिष्य सेग्विन ह्यांनीं समाजानें मतिमंद म्हणून टाकून दिलेल्या मुलांसाठीं तीच वाट पुढें नेली. ह्या दोघांचे ग्रंथ अभ्यासून डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनीं प्रथम रोममधील अशाच मुलांना शिकविलें आणि मग १९०७ सालीं गरिबांच्या वस्तींत बालगृह उघडलें. खरखरीत व गुळगुळीत फळ्या, बोटांनीं गिरवावयाचीं वाळूच्या कागदाचीं अक्षरें, शांततेचा खेळ, हीं साधनें आज सर्व मुलांचीं झालीं आहेत. पण त्यांचा उगम ह्या उपेक्षित मुलांच्या शिक्षणांत आहे.

हीच विद्या पालघर जिल्ह्याच्या भूमींत फार पूर्वींच रुजली. भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्यासमवेत बालशिक्षणाचें कार्य केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. माँटेसरी साधनें महाग, तेव्हां त्यांच्या जागीं शिंपले, बिया, पानें आणि खडे आले. पाड्यावरचीं मुलें बालवाडींत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शाळा कुरणांत नेली गेली. हीं मुलें स्वमग्न वा मंदबुद्धि नव्हतीं, हें खरें. तथापि मूल शाळेशीं जुळत नसेल तर शाळेनें मुलाकडे सरकावें, हा धडा त्या टेकडीनें घालून दिला. शांत कोपरा म्हणजे ह्याच धड्याचें पुढचें पान होय.

असा कोपरा उभारण्यास मोठी इमारत लागत नाहीं. व्हरांड्याचें एक टोंक जाड पडद्यानें आडोशाला घ्यावें. खालीं गोधडी घालावी. कापडी पिशवींत चिंचोके भरावे, टोपलींत शिंपले व काथ्या ठेवावा. तारापूरच्या कामगारांना यंत्रांच्या आवाजांतून कान वांचविणारीं झांकणें परिचित आहेत. त्याच जातीचीं लहान मापाचीं झांकणें मुलांसाठीं मिळतात. जड उशी किंवा झोका मात्र तज्ज्ञाच्या सल्ल्यानेंच वापरावा, आणि उशी मुलाला स्वतः दूर सारतां आली पाहिजे.

साधनांहून नियम अधिक महत्त्वाचे. हा कोपरा शिक्षेची कोठडी नव्हे, तसाच बक्षिसाचा मेवाहि नव्हे. जीव कासावीस होण्याआधींच मुलानें एखादी खूण करून तेथें जावें, शांत व्हावें आणि वर्गांत परत यावें. कोणत्या वेळीं, कशानें तें बिथरलें आणि कशानें सांवरलें, ह्याची टिपणी शिक्षकानें ठेवावी. एकाला निववणारी गोष्ट दुसऱ्याला भडकवूं शकते. पुष्कळदां ही टिपणी वाचून घंटेचा आवाज उतरविला किंवा मुलाची जागा बदलली, तरी अर्धें काम होतें.

ह्या उपायांविषयीं अवास्तव आशाहि धरूं नये. संवेदन-कक्षानें स्वमग्नता जात नाहीं. त्याच्या गुणांविषयींचा शास्त्रीय पुरावाहि अद्याप अपुराच आहे. म्हणूनच सजावटीवर लाखो रुपये उधळण्यापेक्षां जाणत्याचा सल्ला घेणें श्रेयस्कर. व्यवसायोपचाराचें शिक्षण ह्या देशांत नवें नाहीं. कमलाबाई निंबकर ह्यांनीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालींच त्याची शाळा उघडली. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानें स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता ह्यांना मान्यता दिली असून, अशा मुलाच्या गरजेप्रमाणें वाजवी सोय करण्याचें दायित्व शिक्षणसंस्थांवर टाकलें आहे. पालकांनीं ही सोय याचना म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मागावी.

कानांवर हात ठेवून उभें असलेलें तें मूल शाळेला नको म्हणत नसतें. त्याला फक्त थोडी उसंत हवी असते. ज्या जिल्ह्यांत एकेकाळीं शाळा चालत कुरणापर्यंत गेली, त्या जिल्ह्यांतील शाळेला व्हरांड्याच्या टोंकापर्यंत जाणें अवघड पडूं नये.