माहीम कॉजवेची वाट कॅन्टनवरून जाते

गोरेगावहून बोलतोय. लोकलमध्ये ऐकत असाल, तर चर्चगेटकडे जाताना वांद्रे सुटलं की उजवीकडे बघा. खाडीवर गाड्यांची रांग दिसेल. तो माहीम कॉजवे. तो १८४५ साली सुरू झाला. त्याआधी ही खाडी होडीनं ओलांडावी लागायची. आपल्या स्टेशनबाहेरचा एस. व्ही. रोड, म्हणजे जुना घोडबंदर रोड, याच कॉजवेनं मुंबईला जोडला. त्यासाठी दीड लाखाहून जास्त रुपये दिले अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी. त्यांचे पती जमशेटजी म्हणजे जे. जे. हॉस्पिटलमधले 'जे. जे.'.

आजचा प्रश्न एकच : हे पैसे आले कुठून?

बरेचसे आले चीनमधल्या एका नदीतून. जमशेटजी पहिल्यांदा चीनला गेले १७९९ मध्ये, वय जेमतेम सोळा. पुढे एकूण पाच फेऱ्या केल्या. नंतर मुंबईत बसूनच त्यांनी हा व्यापार वाढवला.

चला, आपणही जाऊ. समजा, साल १८२५. पावसाळी वारं पाठीशी घेऊन जहाज मुंबईहून निघालंय. आत दोन प्रकारचा माल. कापसाचे गठ्ठे आणि माळव्याच्या अफूच्या पेट्या. मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून आपण पर्ल नदीच्या मुखाशी पोचतो. त्रिभुज प्रदेश आहे. जिकडेतिकडे बेटं आणि गाळ. मकावला वाटाड्या घ्यायचा.

पण त्याआधी लिंटिन बेटाजवळ थांबायचं. चीनमध्ये अफूला बंदी. म्हणून पेट्या इथे उभ्या असलेल्या गोदाम-जहाजांवर उतरवायच्या. पुढे तिथले तस्कर वल्ह्यांच्या वेगवान होड्यांतून त्या आत नेणार. आता आपल्या जहाजात फक्त कापूस. एकदम सज्जन!

मग नदी अरुंद होते. दोन्ही काठांवर किल्ले, तोफा. या जागेचं नाव हुमेन, म्हणजे वाघाचा दरवाजा. पुढे व्हाम्पोआला नांगर टाकायचा, कारण मोठी जहाजं त्यापुढे जात नाहीत. जकातवाले येऊन जहाजाची लांबी-रुंदी मोजतात. उरलेला प्रवास छोट्या होडीतून. पाण्यावरच संसार मांडलेल्या होड्यांच्या गर्दीतून वाट काढत आपण कॅन्टनला, आजच्या ग्वांगझूला, पोचतो. युरोपातल्या व्यापाऱ्यांना १७५७ पासून हे एकच बंदर खुलं. तेही शहराच्या तटाबाहेर, काठावरच्या वखारींपुरतं. परतीच्या जहाजात चहा आणि रेशीम.

हे फार काळ टिकलं नाही. १८३९ मध्ये लिन झ्शू या अधिकाऱ्यानं वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त केल्या आणि त्याच हुमेनला खड्ड्यांत चुना-मीठ टाकून ती अफू नष्ट केली. त्यात मुंबईकरांचा मालही होता. युद्ध पेटलं. चीन हरला. १८४२ चा तह झाला तो 'कॉर्नवॉलिस' जहाजावर. ते जहाज बांधलं होतं आपल्याच मुंबईच्या गोदीत.

जमशेटजींचं दान खरं आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातलं कोणी ना कोणी जे. जे. मधून बरं होऊन आलंय. पण लिंटिनला उतरलेल्या पेट्याही तितक्याच खऱ्या. त्या अफूनं तिकडे कुणाची तरी घरं बसली, तेव्हा आपल्या खाडीवर रस्ता उभा राहिला. एक गोष्ट सांगताना दुसरी गाळायची नाही, एवढंच.

उद्या माहीमच्या आधी खाडीचा वास आला, की नाक दाबा हवं तर. पण एकदा त्या दुसऱ्या नदीचीही आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!