गुडघ्यातली गादी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी शरीरशास्त्रावर बोलणार म्हटल्यावर घरात सगळे हसले. परंतु माझ्या अज्ञानाने आमच्या सासूबाईंचे जे नुकसान झाले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे दुखू लागले. मी त्यांना चार महिने अंथरुणावरून हलू दिले नाही. पाण्याचा तांब्या हातात, ताट पुढ्यात. सेवा म्हणूनच केले हो! शेवटी मांड्या अगदी बारीक झाल्या, मोरीपर्यंत जाववेना. डॉक्टरीणबाई रागावल्या त्या माझ्यावर.

मग त्यांनीच समजावून सांगितले. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. गुडघ्यात तो काही मिलिमीटरच जाड. पण साध्या चालण्यातही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. एवढासा थर तो कसा सोसतो, हे दाखवायला मी ही पुरचुंडी आणली आहे. पातळ फडक्यात सब्जा सैलसर बांधून पाण्यात टाकला होता. बघा, दाणे फुगले आणि फडके ताणले गेले. कूर्चेतही निम्म्याहून पुष्कळ जास्त पाणीच असते. ते धरून ठेवणारा फुगरा पदार्थ दाबाला तोंड देतो, आणि कोलॅजनचे चिवट धागे ताण सोसून त्याला पसरू देत नाहीत. नुसते फडके दाब सोसणार नाही, नुसता सब्जा बोटांतून निसटेल. दोघांचा संसार एकत्रच! आता झटकन दाबा, पुरचुंडी टणक लागते. दाबून धरा, पाणी हळूहळू पाझरते. सोडून पाण्यात ठेवा, पुन्हा फुगते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळते ते मुख्यतः सांध्यातल्या वंगणातून, आणि ते आतबाहेर खेळायला हे दाबणे-सोडणे लागते. तेच मी बंद पाडले होते. एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लंडनमध्ये सांगितले होते. मला ते कळायला पंचेचाळीस वर्षे लागली.

गुडघा सुजून गरम झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आम्हीही त्यांना विचारूनच सुरुवात केली. प्रथम खुर्चीत बसून पाय हलविणे, मग ओटीवर चार फेऱ्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत. दुखणे पुरते गेलेले नाही. जिना अजून त्रास देतो. पण आज सासूबाई माझ्याबरोबर चालत आल्या आहेत. त्या पाहा, तिसऱ्या रांगेत. मघापासून पाय हलवीत आहेत, ते माझे भाषण लांबले म्हणून नव्हे.